प्रक्रिया केलेलं सांडपाणी जलचरांना सोसतं का? पहिल्या जैवचाचणीची वाटचाल

कारखान्याच्या ईटीपीतून (सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून) बाहेर पडणाऱ्या पाण्याचा अहवाल म्हणजे बहुधा सीओडी आणि बीओडी (पाण्यातली घाण अनुक्रमे रसायनाने आणि जिवाणूंनी तोडायला लागणारा प्राणवायू), तरंगते कण, पीएच आणि चार-दोन धातूंचे आकडे. हे सगळे मर्यादेत असतानाही त्या पाण्यात सोडलेले जीव दोन दिवसांत मरू शकतात. कूलिंग टॉवरमधलं जंतुनाशक, रंगाईतलं एखादं सहायक रसायन, प्रक्रियेत अर्धवट तुटलेल्या रेणूंचे अवशेष यांतलं काहीच त्या यादीत नसतं, आणि जे शोधलंच नाही ते अहवालात येणार कुठून? म्हणून पाण्याची फोड न करता, ते जसं आहे तसं जिवंत प्राण्यापुढे ठेवायचं आणि तो काय सांगतो ते मोजायचं. जैवचाचणीचा गाभा एवढाच. अवघड भाग असतो तो प्राणी मेला तर नेमका कशाने मेला हे खात्रीने सांगता येईल अशी मांडणी करण्याचा, आणि नवख्या माणसाची दमछाक तिथेच होते.

प्रश्न आधी, बीकर नंतर

चाचणी कायद्याच्या पूर्ततेसाठी असेल तर निवडीला फारसा वाव नसतो. जीव, मुदत आणि निकष नियमातच दिलेले असतात, आणि ते देशागणिक बदलतात. भारताच्या सर्वसाधारण विसर्ग मानकांत १०० टक्के सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जगले पाहिजेत, असं म्हटलं आहे. कॅनडात कागद कारखाने आणि धातूच्या खाणींच्या पाण्यासाठी रेनबो ट्राउट वापरतात. पातळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांत निम्म्याहून जास्त मासे मेले की नमुना नापास. जर्मनीने सांडपाण्यासाठीची माशांची चाचणी २००५ मध्ये बंद करून तिच्या जागी माशांच्या अंड्यांची चाचणी आणली.

पास-नापास एवढंच हवं असेल तर एकच तीव्रता, म्हणजे १०० टक्के सांडपाणी आणि शेजारी तुलनेसाठी स्वच्छ पाण्याचा कंट्रोल, पुरे. पाणी किती विषारी आहे, नदीत किती पातळ झाल्यावर निरुपद्रवी ठरेल, मागच्या तिमाहीपेक्षा सुधारलं की बिघडलं, हे जाणून घ्यायचं असेल तर तीव्रतांची मालिकाच लावावी लागते. माझा सल्ला विचाराल तर पास-नापास पुरत असेल तेव्हाही मालिकाच लावा. कष्ट थोडे वाढतात, पण माहिती कितीतरी पटींनी जास्त मिळते.

कोणता जीव?

सुरुवात डॅफ्नियापासून करा. डॅफ्निया मॅग्ना हा गोड्या पाण्यातला कवचधारी सूक्ष्मप्राणी आहे. पूर्ण वाढलेली मादी चार-पाच मिलिमीटरची असते, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसते. जागा कमी लागते, निकाल ४८ तासांत हातात येतो, आणि अनुकूल परिस्थितीत माद्या नराशिवायच पिल्लं देतात. त्यामुळे सगळी पिल्लं जनुकीयदृष्ट्या सारखी असतात आणि प्रतिसादातली वैयक्तिक चढउतार कमी होते. ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) हिची २०२ आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) हिची ६३४१ या दोन्ही पद्धती याच जीवावर बेतलेल्या आहेत. इथून पुढे मी याच चाचणीची मांडणी सांगणार आहे.

बाकीचे पर्याय थोडक्यात. शैवालाची ७२ तासांची चाचणी तणनाशकं आणि धातूंना फार संवेदनशील असते. पण सांडपाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस भरपूर असेल तर शैवाल उलट जोमाने वाढतं आणि विषारीपणा झाकला जातो. पाणी गडद रंगाचं असेल तर प्रकाशच अडतो. प्रकाश देणाऱ्या ॲलिव्हिब्रिओ फिशेरी या जिवाणूंची चाचणी अर्ध्या तासात उरकते. रोजच्या पाहणीला ती उत्तम, निर्णयाला एकटी अपुरी. झेब्राफिशच्या भ्रूणांची ९६ तासांची चाचणी ओईसीडीने २०१३ मध्ये २३६ क्रमांकाने प्रसिद्ध केली. अंडं साकळणं, शरीराचे खंड न पडणं, शेपटी बलकापासून न सुटणं आणि हृदयाचे ठोके न दिसणं, या चार खुणांवरून तिच्यात मृत्यू ठरवतात. मोठ्या माशांवरची चाचणी मी शेवटचा पर्याय मानतो. नियम मागत असेल तरच ती करावी, आणि तीही प्राण्यांवरील प्रयोगांची रीतसर परवानगी घेऊन.

एक अट मात्र सगळ्यांना लागू. पाणी समुद्रात किंवा खाडीत सोडलं जात असेल तर गोड्या पाण्यातला जीव वापरू नका. तो मिठानेच मरेल आणि तुम्ही रसायनाचा शोध घेत बसाल.

जीव पाळणं

चाचणी दोन दिवसांची असली तरी तयारी काही आठवड्यांची असते. पाळणूक निरोगी नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ.

पाणी क्लोरीनविरहित हवं. नळाचं पाणी नुसतं रात्रभर ठेवून भागत नाही, कारण अनेक ठिकाणी क्लोरामाइन वापरतात आणि ते सहज उडून जात नाही. पितळी तोट्या आणि तांब्याचे पाइपही टाळा. तांब्याची अगदी सूक्ष्म मात्राही डॅफ्नियाला पुरते. सगळ्यात भरवशाचं म्हणजे ऊर्ध्वपातित किंवा विआयनित पाण्यात क्षार घालून स्वतः बनवलेलं पाणी. एका लिटरला कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २९४ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट १२३.२५ मिलिग्रॅम, सोडियम बायकार्बोनेट ६४.७५ मिलिग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड ५.७५ मिलिग्रॅम. हे आयएसओचं प्रमाण. त्यातून कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला सुमारे २५० मिलिग्रॅम कठीणपणा मिळतो. वापरण्याआधी त्यात हवा सोडून प्राणवायू पूर्ण मुरू द्या. सांडपाणी पातळ करायला आणि कंट्रोलला हेच पाणी चालतं. पाळणुकीत मात्र पिढ्यान्पिढ्या तेच वापरायचं तर सूक्ष्म मूलद्रव्यं आणि जीवनसत्त्वं जोडावी लागतात.

तापमान १८ ते २२ अंश सेल्सियस, १६ तास उजेड आणि ८ तास अंधार, खाद्याला हिरवं एकपेशीय शैवाल. खाद्य जास्त झालं की तळाशी कुजतं. गर्दी झाली, उपासमार झाली किंवा पाणी बिघडलं की मादीच्या पाठीवर काळपट, खोगिरासारखी अंडपेटी दिसू लागते आणि नर जन्माला येतात. ही ताणाची खूण आहे. पाळणुकीत अशा पेट्या दिसत असतील तर त्या आठवड्यात चाचणी लावू नका.

चाचणीला २४ तासांपेक्षा लहान पिल्लंच लागतात, आणि ती आईच्या पहिल्या विणीची नकोत. आदल्या दिवशी पोटात अंडी असलेल्या माद्या ताज्या पाण्यात वेगळ्या काढून ठेवल्या की दुसऱ्या सकाळी जी पिल्लं मिळतात त्यांच्या वयाबद्दल शंका उरत नाही.

नमुना घेताना

एका क्षणी घेतलेला ग्रॅब नमुना त्या क्षणाचीच गोष्ट सांगतो. उत्पादन तुकड्यातुकड्यांत चालत असेल तर दुपारचं आणि मध्यरात्रीचं पाणी ही दोन वेगळी पाणी असतात. २४ तास ठरावीक अंतराने, आणि जमलं तर प्रवाहाच्या प्रमाणात, घेतलेला कंपोझिट नमुना सरासरी दाखवतो. पण एखादा तासभराचा जहाल लोट त्यात विरून जातो. दोन्हींची गरज पडते. कोणता, कधी घेतला हे स्पष्ट लिहा.

बाटली काचेची किंवा एचडीपीईची, आम्लाने धुऊन भरपूर पाण्याने खंगाळलेली. ती काठोकाठ भरा. वर हवेची पोकळी राहिली की बाष्पशील पदार्थ आणि कार्बन डायऑक्साइड तिच्यात निसटतात. बर्फात ठेवून ० ते ६ अंशांदरम्यान आणा, पण गोठू देऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पद्धतीत नमुना घेतल्यापासून ३६ तासांच्या आत वापरायचा असतो. ही मर्यादा सगळ्यांनी पाळावी अशी आहे. परिरक्षक म्हणून आम्ल टाकण्याची रासायनिक विश्लेषणातली सवय इथे घातक. आम्ल टाकलेला नमुना जैवचाचणीला बाद.

सुधारण्याचा मोह

नमुना चाचणीच्या तापमानाला आला की पीएच, विरघळलेला प्राणवायू, विद्युतवाहकता, कठीणपणा, एकूण अमोनिया आणि उरलेला क्लोरीन मोजा. हे आकडे नंतर काढून उपयोग नाही.

इथेच एक मोह होतो. पीएच ९.३ दिसला, सातवर आणू. क्लोरीन दिसला, थायोसल्फेट टाकून घालवू. पण नदीत जाणारं पाणी ९.३ पीएचचं आणि क्लोरीनयुक्तच असेल तर तुम्ही वेगळ्याच पाण्याची चाचणी केली. योग्य रीत म्हणजे जसाच्या तसा नमुना एक, आणि बदल केलेला नमुना शेजारी दुसरा. दोघांतला फरक हीच माहिती. गाळण्याचंही तसंच. कणांना चिकटलेला धातू गाळणीवर राहतो, आणि गाळलेलं पाणी निर्दोष ठरतं.

अमोनियावर थोडं थांबू, कारण प्रक्रिया केलेल्या पाण्यात तो हमखास भेटतो आणि सर्वाधिक फसवतो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो: अमोनियम आयन आणि आयन न झालेला अमोनिया. दुसरं रूप कल्ल्यांतून सहज आत शिरतं आणि तेच जास्त जहाल. त्याचं प्रमाण पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना ते एकूण अमोनियाच्या अर्ध्या-पाऊण टक्क्याइतकं असतं, पीएच ८ ला सुमारे ५ टक्के, पीएच ९ ला ३५ टक्क्यांच्या आसपास. आता बीकरमध्ये काय होतं पाहा. जैविक प्रक्रियेतून आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. उघड्या बीकरमध्ये तो उडून जातो, पीएच हळूहळू चढतो, आणि सकाळी निरुपद्रवी असलेला अमोनिया दुसऱ्या दिवशी मारक होतो. असा मृत्यू नदीत होईलच असं नाही. म्हणून पीएच फक्त सुरुवातीला मोजून चालत नाही, शेवटीही मोजायचा. ओईसीडीच्या पद्धतीप्रमाणे चाचणीदरम्यान तो १.५ पेक्षा जास्त हलू नये.

प्राणवायूची गोष्ट वेगळी. बीओडी बऱ्यापैकी शिल्लक असेल तर पाण्यातले जिवाणूच प्राणवायू संपवतात आणि डॅफ्निया गुदमरतात. हळू, मोजक्या बुडबुड्यांनी आधी हवा देता येते, पण जोरात दिली तर बाष्पशील विषं त्याच हवेबरोबर निघून जातात. हवा दिली तर कंट्रोलसकट सगळ्या तीव्रतांना सारखीच द्या, आणि नोंद ठेवा.

मांडणी

तीव्रता अशा: १००, ५०, २५, १२.५ आणि ६.२५ टक्के, शिवाय शून्य टक्क्याचा कंट्रोल. प्रत्येकीचे चार बीकर, प्रत्येक बीकरमध्ये ५० मिलिलिटर पाणी आणि पाच पिल्लं. म्हणजे तीव्रतेमागे २० आणि एकूण १२०. पिल्लं दीडशेच्या आसपास जमवा. अशक्त किंवा तरंगणारी बाजूला काढावी लागतात.

मालिका बनवायला ५०० मिलिलिटर सांडपाणी घ्या. त्यातलं २५० मिलिलिटर तेवढ्याच स्वच्छ पाण्यात मिसळलं की ५० टक्के तयार. त्यातलं २५० पुन्हा २५० मिलिलिटर पाण्यात, की २५ टक्के. असंच खाली जायचं. दर वेळी नमुना हलवून घ्या, नाहीतर जड कण पहिल्याच भांड्यात बसून राहतात.

पिल्लं हलवायला रुंद तोंडाची, कडा गुळगुळीत केलेली पिपेट घ्या आणि तिचं टोक पाण्याखाली नेऊन मगच ती सोडा. वरून थेंब पाडला की कवचाखाली हवा अडकते, पिल्लू पृष्ठभागाला चिकटून राहतं आणि विषाशिवायच मरतं. पिल्लांबरोबर पाळणुकीचं पाणी कमीत कमी जाऊ द्या. भरायला कंट्रोलपासून सुरुवात करून चढत्या तीव्रतेकडे जा, म्हणजे पिपेटमधून सांडपाणी खाली उतरणार नाही. बीकरांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि त्यांवर टक्क्यांऐवजी नुसते क्रमांक लिहा. मोजणाऱ्याला तीव्रता माहीत नसणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. १०० टक्क्यांच्या बीकरमधलं सुस्त पिल्लू डोळ्यांना आपोआप मेलेलं वाटतं.

४८ तास खाद्य द्यायचं नाही.

वाचन

२४ आणि ४८ तासांनी बीकर हळूच गोल फिरवा आणि १५ सेकंद पाहा. तेवढ्यात जे पिल्लू पोहत नाही ते निश्चल धरायचं, त्याच्या स्पर्शिका हलत असल्या तरीही. इतक्या लहान प्राण्याचा मृत्यू खात्रीने सांगता येत नाही, म्हणूनच निकष मृत्यूचा नसून निश्चलतेचा आहे. पाणी गडद असेल तर बीकर खालून प्रकाश असलेल्या पांढऱ्या पटलावर ठेवा. निश्चल नसलं तरी गोल-गोल फिरणं, तळाशी बसणं, रंग फिकट पडणं अशा गोष्टी लिहून ठेवा. नंतर कारण शोधताना हे शेरे कामी येतात.

मग चाचणी ग्राह्य आहे का ते तपासा. कंट्रोलमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे २० पैकी दोनपेक्षा जास्त निश्चल असतील तर निकाल फेकून द्या. सांडपाण्याचे आकडे कितीही सुंदर आलेले असोत. शेवटी प्राणवायू लिटरला किमान ३ मिलिग्रॅम हवा. याशिवाय ठरावीक काळाने पोटॅशियम डायक्रोमेटची तपासणी चाचणी लावतात. २४ तासांचं ईसी५० मूल्य (निम्मी पिल्लं निश्चल करणारी तीव्रता) लिटरला ०.६ ते २.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान आलं तर तुमची पाळणूक नेहमीइतकीच संवेदनशील आहे. हे रसायन कर्करोगकारक आहे. हातमोजे घालून वापरा, सिंकमध्ये ओतू नका. चाचणीतले उरलेले जीवही ओढ्या-तळ्यात सोडू नका. तिथले ते नसतील तर नवी डोकेदुखी.

हिशेब

समजा ४८ तासांनंतर २० पैकी निश्चल असे: ६.२५ टक्क्याला शून्य, १२.५ ला एक, २५ ला सहा, ५० ला चौदा, १०० ला वीस. निम्मे निश्चल करणारी तीव्रता, म्हणजे ईसी५०, २५ आणि ५० च्या मध्ये कुठेतरी आहे. ती ३७.५ नव्हे. मालिका गुणोत्तराने चढते, म्हणून मधला बिंदू लॉगरिदमवर काढायचा. ३० आणि ७० टक्क्यांच्या बरोबर मध्ये ५० येतं, तेव्हा २५ ला २ च्या वर्गमुळाने गुणा: ३५.४ टक्के. स्पिअरमन-कार्बर पद्धतीने याच आकड्यांचं उत्तर ३४.२ येतं. दोन रीतींची उत्तरं जवळ आली की आकडेवारी धड आहे असं समजायला हरकत नाही. अहवालात विश्वासमर्यादाही (खरं उत्तर ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असण्याची शक्यता आहे ते) द्या, नुसतं ३५.४ लिहिलं की त्यातला दशांश उगाच अचूकतेचा आव आणतो.

ईसी५० जितकं कमी तितकं पाणी जहाल, हे उलटं गणित वाचणाऱ्यांना गोंधळात टाकतं. म्हणून १०० ला त्याने भागून विषारीपणाचं एकक काढतात. इथे ते २.८. आता नदीकडे पाहा. कोरड्या ऋतूतल्या सर्वांत कमी प्रवाहात हे पाणी मिसळल्यावर ५ टक्के होत असेल तर तत्काळ मृत्यूची शक्यता कमी. नदीच आटून ४० टक्के सांडपाणी वाहत असेल तर गोष्ट गंभीर. सरासरी प्रवाह धरून केलेला दिलासादायक हिशेब मला कधीच पटत नाही, कारण जलचरांना सरासरीत नव्हे, उन्हाळ्यातही तिथेच राहावं लागतं.

१०० टक्क्यातही सगळे जगले, तर? दोन दिवसांत मरत नाहीत एवढंच कळलं. वाढ खुंटणं, पिल्लं कमी होणं यासाठी लांब मुदतीची चाचणी लागते. सेरिओडॅफ्निया डुबियाच्या सुमारे सात दिवसांच्या चाचणीत तीन विणींतली पिल्लं मोजतात, आणि कंट्रोलमधल्या जगलेल्या माद्यांनी सरासरी किमान १५ पिल्लं दिली तरच ती ग्राह्य धरतात. तिथे रोज पाणी बदलणं आणि रोज खाद्य देणं आलं, म्हणून ४८ तासांच्या चाचणीवर हात बसल्यावरच तिच्याकडे वळा.

विषारी निघालं, पुढे काय?

त्याच नमुन्याचे भाग करा, प्रत्येकावर एकेक प्रक्रिया करा आणि कोणत्या भागातला विषारीपणा घटला ते पाहा. ईडीटीए (धातूंना बांधून ठेवणारं रसायन) घातल्यावर घटला तर संशय तांबं, जस्त, कॅडमियम अशा धातूंवर. सोडियम थायोसल्फेटने घटला तर क्लोरीन किंवा दुसरा ऑक्सिडीकारक; मात्र थायोसल्फेट काही धातूंनाही बांधतं, म्हणून ईडीटीएच्या निकालाशी ताडून पाहा. सी१८ (सेंद्रिय रसायनं धरून ठेवणारा पदार्थ) भरलेल्या नळीतून गाळल्यावर घटला तर पाण्यात न रमणारी सेंद्रिय रसायनं, उदाहरणार्थ कीटकनाशकं किंवा काही सर्फॅक्टंट (साबणासारखी रसायनं). हवा दिल्याने घटला तर बाष्पशील काहीतरी. पीएच ६, ७ आणि ८ वर स्थिर ठेवून तीन चाचण्या लावल्या आणि पीएचबरोबर विषारीपणा वाढत गेला तर अमोनिया. प्रत्येक प्रक्रियेचा स्वतंत्र कंट्रोल लावा, नाहीतर जास्त झालेलं ईडीटीएच पिल्लांना मारेल.

कशानेच फरक पडला नाही आणि विद्युतवाहकता चढी असेल तर साधं मीठ आठवा. रिव्हर्स ऑस्मॉसिसचं मागे उरलेलं पाणी किंवा आम्ल-अल्कली उदासीन केल्यावरचे क्षार बहुतेक प्रक्रिया केंद्रांतून तसेच पुढे जातात. सांडपाण्यातले सोडियम, कॅल्शियम, क्लोराइड, सल्फेट यांच्या मोजमापावरून तितकंच खारं कृत्रिम पाणी बनवा आणि शेजारी चाचणी लावा. दोघांचं ईसी५० सारखं आलं तर दोषी सापडला.

संशयित सापडला तरी एका नमुन्यावर थांबू नका. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यांत तोच दिसला पाहिजे, आणि प्रक्रिया केलेल्या निर्विष भागात तो पदार्थ मोजलेल्या मात्रेत परत घातल्यावर विषारीपणा परत आला पाहिजे. यासाठी नमुन्याच्या दिवशीची कारखान्याची नोंद हाताशी हवी: कोणतं उत्पादन चालू होतं, टाक्या धुतल्या का, जंतुनाशकाचा डोस कधी दिला. ती त्याच दिवशी मागून घ्या. महिन्याने मागितली तर पाळीवरच्या माणसालाही आठवत नाही.